'थांबवा' नावाचं बटण

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदाच एक बटण स्वतः तयार केलं, दाबलं, आणि काहीही झालं नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. बटण आज्ञाधारकपणे आत गेल्यासारखं दिसलं, वर आलं आणि आपला काही संबंधच नाही अशा थाटात बसून राहिलं. त्यावर ठळक अक्षरांत 'दारावरची बेल' असं लिहिलं होतं. बेल काही वाजेना. काकूंनी चष्मा वर केला, खाली केला, माउस टेबलावर हलकेच आपटून बघितला आणि शेवटी शेजारच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा येतेस का? माझी बेल मुकी झालीये."

सून आली. ती नोकरीच प्रोग्राम लिहिण्याची करायची, घरी बसून, कानांवर हेडफोन चढवून. तिचा नवरा मालवाहू जहाजावर असायचा आणि वर्षातला बराच काळ पाण्यावर काढायचा. त्यामुळे घरात सासू, सासरे आणि सून अशी तिघंच. तिघांचं बरं चाललं होतं, कारण तिघांचेही नाद वेगवेगळे होते आणि कुणी कुणाच्या नादाला लागत नव्हतं.

"आई, हे काय आहे?"

"प्रोग्राम. नाटकासाठी."

नाटक हा मुळात काकांचा नाद. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तर काका उठता-बसता संवादच म्हणायचे. हौशी मंडळींची त्यांची संस्था होती; वर्षाला एक नाटक बसवायची आणि दोन-तीन प्रयोग करून दमायची. काका तिथले ज्येष्ठ नट. आपण तीस-पस्तीस वर्षांत लेखकाच्या शब्दापलीकडे एक अक्षर उच्चारलेलं नाही, याचा त्यांना कोण अभिमान! काकू मात्र रंगमंचावर कधी गेल्या नाहीत. त्या विंगेत, काळ्या पडद्यामागे, एका डुगडुगत्या टेबलाशी बसायच्या आणि आवाज द्यायच्या. गाडी थांबल्याचा, कुत्रा भुंकल्याचा, ढग गडगडल्याचा. आधी टेपरेकॉर्डर होता, मग सीडी प्लेअर आला, आणि या नव्या नाटकाच्या तालमीत त्या सीडी प्लेअरने मान टाकली. कुत्रा भुंकता भुंकता 'भ'वरच अडकला आणि प्लेअर बंद करेपर्यंत 'भभभभ' करत राहिला.

"मोबाइलवरून द्या ना आवाज," कोणीतरी सुचवलं. पण गेल्या वर्षी तो प्रयोग करून झाला होता. ऐन मरणाच्या प्रसंगात मोबाइलवाल्याला त्याच्या मेहुण्याचा फोन आला होता आणि मृतदेहाच्या उशाशी लग्नाच्या वरातीतलं गाणं वाजलं होतं. मृतदेहालासुद्धा हसू आवरलं नव्हतं.

"आई, याचे तयार प्रोग्राम मिळतात हो," सून म्हणाली. "फुकटात."

"बघितले की. विमान चालवायला बसल्यासारखं वाटतं. मला अंधारात दिसायला हवं गं! सहा बटणं, बशीएवढी. बस."

काकू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्तीनंतर वाचनालयात चालणाऱ्या प्रोग्रामिंगच्या वर्गाला त्यांनी नाव घातलं होतं आणि वर्गातल्या सगळ्या कॉलेजच्या मुलांना प्रश्न विचारून विचारून हैराण केलं होतं. आता शिकलेलं काहीतरी करून बघायचं, तर हे बटण असं रुसून बसलेलं.

सुनेने पडद्यावर नजर फिरवली. "बेल वाजवायचं कुठे लिहिलंय?"

"हे काय, खाली. अक्षर न् अक्षर बरोबर आहे."

"हो, आहे. पण हे करायचंय, हे बटणाला कोणी सांगितलंय का?"

काकूंनी पडदा वर-खाली सरकवून बघितला. बटण वर होतं, बेल वाजवण्याच्या सूचना खाली होत्या, आणि दोघांची ओळखच करून दिलेली नव्हती. "म्हणजे मी दिवा लावला, फोनही बसवला, आणि मधली तार जोडायची राहिली!" त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. सुनेने कुठे टिचकी मारायची ते दाखवलं, काकूंनी मारली, आणि घरभर बेल वाजली.

"मी बघतो!" काका आतून ओरडले आणि दार उघडायला गेले.

त्या दिवशी काकांनी बऱ्याच वेळा दार उघडलं.

काकूंनी मग एकेक बटण वाढवायला घेतलं. फोनची रिंग, कुत्रा, गडगडाट, गाडी. सून मधूनमधून डोकावायची, पण काकूंनी तिला बजावून ठेवलं होतं, "तू हात लावायचा नाहीस. लावलास तर ते तुझं होईल. माझ्या चुका मलाच करू दे." सुनेला ते आवडलं. शिवाय तिचंही फारसं अडलेलं नव्हतं. ती कंपनीच्या मोठाल्या सर्व्हरांचे प्रोग्राम लिहायची आणि या खिडक्या-बटणांशी तिचा संबंध कॉलेज सुटलं तेव्हाच सुटला होता.

आणि चुका तर काय, हात जोडून उभ्या होत्या.

एका दुपारी काका सोफ्याखाली डोकं घालून ओणवे झालेले काकूंना दिसले.

"काय हरवलं?"

"श्श! घरात कुत्रा शिरलाय."

काकूंनी कान दिला. खरंच कुत्रा भुंकत होता. कॉम्प्युटरवर तर काहीच उघडं नव्हतं. प्रोग्रामची खिडकी काकूंनी मघाशीच बंद केली होती. कुत्रा थांबला. थोड्या वेळाने परत भुंकला. मग दोन कुत्रे एकदम भुंकले. काकांनी हातात छत्री घेतली आणि बाल्कनीचं दार उघडून "हाड! हाड!" करत तीनही खोल्या फिरून आले. काकूंनी प्रोग्राम पुन्हा चालवून बघितला, आणि तिसरा कुत्रा सामील झाला. नवी दुरुस्ती करून प्रोग्राम बनवायला जावं, तर कॉम्प्युटर म्हणे फाइल वापरात आहे, बदलता येणार नाही.

"कोण वापरतंय? तुझ्यापुढे मी एकटीच बसलेय!" काकू त्याच्यावर खेकसल्या.

संध्याकाळी सुनेने काम आटोपलं आणि चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी उघडून दाखवली. काकूंच्या प्रोग्रामच्या कितीतरी प्रती तिथे एकाखाली एक बसलेल्या होत्या, सगळ्या जिवंत.

"आई, फुलीवर टिचकी मारली की काय करायचं, असं लिहिलंय तुम्ही?"

"खिडकी लपव."

"मग ती लपलीच आहे! बंद कुठे झाली? आणि कुत्र्याला तुम्ही ठरावीक वेळाने भुंकायला लावलंय. तो बिचारा आत बसून आपली ड्युटी करतोय."

काकूंनी ते आपोआप भुंकणं काढून टाकलं आणि एकेका प्रतीला यादीतून उचलून निरोप दिला. कुत्रे एकेक करत गप्प झाले. शेवटचा गेला तेव्हा काकांनी छत्री जागेवर ठेवली आणि म्हणाले, "बघ, घाबरून पळाला."

त्यांना खरं काय ते कोणीच सांगितलं नाही.

पहिल्या तालमीला काकू मोठ्या रुबाबात गेल्या. प्रोग्राम एका पेनड्राइव्हवर घातला होता, तो सभागृहाच्या लॅपटॉपला लावला. खिडकी उघडली, सहाच्या सहा बटणं बशीएवढी दिसली, नटमंडळी टेबलाभोवती जमली. काकूंनी 'दारावरची बेल' दाबली, तर समोर एक भलामोठा इंग्रजी मजकूर आला आणि प्रोग्राम आडवा झाला.

"घरी चालत होतं," काकू म्हणाल्या. हे वाक्य जगात याआधी कितीजणांनी म्हटलं असेल याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी सुनेला फोन लावला आणि मजकूर वाचून दाखवला.

"आई, आवाजाच्या फाइली कुठे आहेत म्हणून लिहिलंय तुम्ही?"

"त्या आहेत तिथे. माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या नावाच्या फोल्डरात."

"तो प्रोग्राम त्या लॅपटॉपवर तुमच्या नावाचं घर शोधतोय. तिथे तुमच्या नावाचं कोणी राहतच नाही."

मग त्यांनी फाइली प्रोग्रामच्या शेजारीच ठेवल्या, आणि 'तू जिथे असशील तिथेच बाजूला बघ' असं त्याला शिकवलं. पुढच्या तालमीला बेल वाजली. टाळ्या पडल्या. काकूंचे गाल लाल झाले, पण अंधारात कोणाला दिसले नाहीत.

नाटकाचे दिग्दर्शक पेशाने दातांचे डॉक्टर होते. त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे. कोणाचं काही चुकलं की ते जवळ यायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि मऊ आवाजात म्हणायचे, "आता थोडं दुखेल." मग सांगायचे. प्रयोग अगदी तोंडावर आला तेव्हा ते काकूंच्या टेबलापाशी आले. खांद्यावर हात पडल्याबरोबर काकूंनी जबडा घट्ट धरला.

"काकू, रिंग छोटी पडते. बघा, म्हातारा घरात एकटा आहे. रुसून गेलेल्या मुलीचा इतक्या वर्षांनी फोन येतोय, हे त्याला ठाऊक आहे. उचलायची हिंमत होत नाही. फोन वाजतोय, वाजतोय, वाजतोय. लोकांना वाटलं पाहिजे, अरे उचल की! आणि काकांनी उचलला रे उचलला, की एकदम शांतता. मग पहिला शब्द."

"होईल," काकू म्हणाल्या. "लांबलचक रिंग घालते. काकांनी उचलला की मी 'थांबवा' दाबते."

'थांबवा' हे सहावं बटण. लाल. काकूंचं लाडकं. आजवर त्याची गरजच पडली नव्हती, कारण सगळे आवाज छोटे होते आणि आपले आपण संपत होते.

घरी त्यांनी लांब रिंग शोधली, जागेवर बसवली. सून दारातून म्हणाली, "आई, 'थांबवा' नीट चालतं ना, बघितलंत?"

"बघितलं की."

आणि काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी कुत्रा वाजवला होता, मग 'थांबवा' दाबलं होतं, आणि अगदी शांत झालं होतं. कुत्रा त्याआधीच भुंकून मोकळा झाला होता, एवढी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही.

प्रयोगाला सभागृह बरंच भरलं होतं. निम्मे प्रेक्षक डॉक्टरांचे रुग्ण होते, ते भीतीने आले असावेत. नाटक गंभीर. पहिल्या अंकात कोणी खोकलंसुद्धा नाही. काकूंनी गाडी थांबवली, बेल वाजवली, लांबवर ढग गडगडवले. सगळं कसं हातच्या मळासारखं. दुसऱ्या अंकात पडदा उघडला तेव्हा काका आरामखुर्चीत एकटे बसले होते आणि कोपऱ्यातल्या तिवईवर जुना काळा फोन होता.

काकूंनी 'फोन' दाबलं.

फोन वाजू लागला. काका दचकले, उठले, दोन पावलं गेले, थांबले, मागे फिरले. सभागृह श्वास रोखून बघत होतं. काका पुन्हा वळले. हात पुढे केला, मागे घेतला. मग एकदम झेप घातल्यासारखा त्यांनी रिसीव्हर उचलला.

काकूंनी 'थांबवा' दाबलं.

फोन वाजतच राहिला.

काकूंनी पुन्हा दाबलं. परत दाबलं. लाल बटण आत जायचं नावच घेईना. त्यांच्या हाताला घाम सुटला, माउस घसरला, आणि दाबदाबीत एक टिचकी बेलवर पडली, एक कुत्र्यावर, एक गडगडाटावर, आणि बेलवर बहुतेक अजून एक. कशाचाच काही परिणाम नाही. मग सगळी खिडकी चुना फासल्यासारखी पांढुरकी झाली आणि वर पट्टीत अक्षरं उमटली: प्रोग्राम प्रतिसाद देत नाही.

तिकडे काका रिसीव्हर कानाला लावून उभे, आणि फोन वाजतोय. त्यांनी रिसीव्हरकडे बघितलं. तीस-पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, पण वाजत्या फोनवर बोलणार कसं? त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. पुन्हा उचलला. फोन वाजतोच आहे. पहिल्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

आणि काका बोलले. लेखकाने न लिहिलेलं वाक्य, अख्ख्या कारकिर्दीतलं पहिलं.

"हा नाही वाटतं. दुसरा वाजतोय."

ते आरामखुर्चीकडे गेले आणि उशी उचलून खाली बघितलं. कपाटामागे बघितलं. स्वतःचा खिसासुद्धा चाचपला. सभागृहात खसखस पिकली. शेवटी रिंग आपली आपण संपली, काकांनी सुटकेचा श्वास टाकला, रिसीव्हर कानाला लावला, आणि दारावरची बेल वाजली.

विंगेत काकूंनी दोन्ही हात वर केले. माउसला कोणीही शिवलेलं नव्हतं.

काका दाराशी गेले. उघडलं. कोणी नाही. "या," ते रिकाम्या दाराला म्हणाले, "आलाच आहात तर बसा." तेवढ्यात कुत्रा भुंकला. काका प्रेक्षकांकडे वळले आणि प्रामाणिक आश्चर्याने म्हणाले, "आपण कुत्रा कधी पाळला?"

आता लोक खुर्च्यांचे हात बडवत होते. ढग गडगडले. काकांनी छताकडे बघून हात जोडले, "तूही ये बाबा! आज कोणी मागे राहू नका."

काकूंना तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटत होतं. बंद करायला फुलीवर टिचकी मारली, ऐकत नाही. त्यांनी टेबलाखाली वाकून हाताला लागेल ती वायर ओढली, तर टेबलावरचा दिवा गेला. दुसरी ओढली. दुसरी बेल नुकतीच 'टिंग' म्हणाली होती, तिचं 'टाँग' स्पीकरमध्येच राहिलं.

एकदम शांतता झाली. इतकी, की हसणारेही मध्येच थबकले. रंगमंचावर काका परत फोनपाशी येऊन रिसीव्हर हातात धरून उभे होते, केस विस्कटलेले, धाप लागलेली, घरभर पळापळ करून दमलेला खराखुरा म्हातारा. त्यांनी हळूच रिसीव्हर कानाला लावला.

"कोण?" ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "तूच ना गं?"

डॉक्टर तालमीत जी शांतता मागत होते, ती आता आली. मागच्या रांगेत एक बाई हुंदका देऊन रडली. काकूंनी टेबलाखालून तो ऐकला, कारण त्या अजून तिथेच होत्या.

राहिलेल्या अंकात काकूंनी बेलच्या जागी लाकडी फळीवर बोटांनी टकटक केली आणि गाडी रद्द केली. पडदा पडला. टाळ्या पुष्कळ झाल्या, पण काकू कळसूत्री बाहुलीसारख्या आपल्या वायरी गुंडाळत राहिल्या. सून प्रेक्षागृहातून धावत मागे आली, खाली बसली आणि वायरीचं दुसरं टोक धरलं.

"तू विचारलं होतंस," काकू म्हणाल्या.

"मी स्वतः दाबून बघायला हवं होतं."

"मी हात लावू दिला असता का तुला?"

"नसता," सून म्हणाली, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं. काकूंच्या हसण्यात थोडं रडूही होतं, ते सुनेला कळलं, पण तिने वायरीकडेच बघितलं.

डॉक्टर आले. त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंनी डोळे मिटले.

"आता थोडं..." डॉक्टर म्हणाले आणि तिथेच अडखळले. "छे. काय बोलावं तेच कळत नाही. माझे रुग्ण मला पहिल्यांदाच थँक्यू म्हणून गेले."

आणि काका? काकू सगळ्यात जास्त त्यांनाच घाबरत होत्या. हा माणूस स्वल्पविराम चुकला तरी दोन दिवस जेवणावर राग काढायचा. काका तोंडावरचा रंग न पुसताच आले, समोर उभे राहिले, आणि त्यांचे डोळे शाळा सुटलेल्या पोरासारखे लकलकत होते.

"कुत्रा कधी पाळला!" ते म्हणाले. "मी म्हणालो गं ते! कुठून आलं कोण जाणे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर सासू-सून कॉम्प्युटरपुढे बसल्या. काकूंनी आवाज वाजवण्याचा जो आदेश इंटरनेटवरून उचलला होता, त्याचा अर्थ होता 'हे वाजव आणि संपेपर्यंत थांब'.

"खिडकी सांभाळणारा एकच जण असतो, आई," सून म्हणाली. "खिडकी रंगवणं, टिचक्या घेणं, बटणं दाबल्यासारखी दाखवणं, सगळं तोच करतो. तुम्ही त्यालाच रिंग ऐकत बसवलंत. मग 'थांबवा' कोण ऐकणार?"

"आणि माझ्या बाकीच्या टिचक्या?"

"रांगेत उभ्या होत्या. तो मोकळा झाला आणि एकेकीला आत घेत गेला."

"म्हणजे प्रोग्राम बिघडला नव्हताच," काकू सावकाश म्हणाल्या. "मी जे जे सांगितलं ते त्याने इमानेइतबारे केलं. उशिरा केलं, एवढंच." त्यांना त्याची जरा दयाच आली.

आवाज वाजवायला त्यांनी वेगळा गडी नेमला, म्हणजे ते काम खिडकीच्या माणसाच्या डोक्यावरून काढलं. रिंग वाजू लागली, 'थांबवा' दाबलं, रिंग कापल्यासारखी थांबली. काकूंनी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली. मग हौसेने त्यांनी ठरवलं की वाजत असेपर्यंत बटण हिरवं दिसावं, आणि ते हिरवं करायचं कामही त्या नव्या गड्यालाच सांगितलं. प्रोग्राम परत आडवा.

"आता काय?"

"खिडकीतल्या वस्तूंना फक्त खिडकीच्या माणसानेच हात लावायचा असतो. बाहेरच्याने लावला की तो भडकतो."

"भारीच मानी दिसतोय. मग काय करू?"

"बाहेरच्याला सांगा, त्याला निरोप दे. रंगवेल तोच."

निरोपाची व्यवस्था करायला काकूंना जेवणाची वेळ टळून गेलेली कळली नाही. ती झाल्यावर त्यांनी काकांना बोलावलं आणि खुर्चीत बसवलं. "दाबा. वाटेल तसं, वाटेल तिथे. माझ्या प्रोग्रामला छळा." काकांना हे काम मनापासून आवडलं. त्यांनी बोटांनी दाबलं, कोपराने दाबलं, दोन बटणं एकदम दाबता येतात का बघितलं, माउस उलटा धरला. कुत्रा, बेल, ढग सगळे गोंधळ घालत राहिले, आणि लाल बटणावर टिचकी पडली की प्रत्येक वेळी गपगार. काकू मागे उभ्या राहून बघत होत्या. परीक्षेचा निकाल लागताना पालक उभे असतात तशा.

दुसरा प्रयोग पुढच्या रविवारी होता. पहिल्याची कीर्ती पसरली होती. खुर्च्या कमी पडल्या आणि काहीजण भिंतीला टेकून उभे होते. काकू टेबलाशी ताठ बसल्या. सून या वेळी विंगेतच स्टूल टाकून बसली होती, हात मांडीवर ठेवून, ठरल्याप्रमाणे कशालाही न लावता.

दुसरा अंक. फोन वाजू लागला. काका उठले, थांबले, वळले, हात पुढे केला, झेप घातली. काकूंनी लाल बटण दाबलं. त्याच क्षणी रिंग थांबली. सूत धरून कापावं तशी.

काका रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. त्यांनी विंगेकडे एक कटाक्ष टाकला. त्यात आशा होती. काकूंनी अंधारातच मान ठाम हलवली: नाही. काकांनी आणखी थोडी वाट बघितली, जणू एखादा कुत्रा चुकून सुटेल. मग खांदे पाडले, आणि लेखकाने लिहिलेलं वाक्य शब्दन् शब्द बरोबर म्हटलं. चांगलं म्हटलं. लोक गप्प बसून ऐकत होते. कोणी रडलं नाही, पण कोणी खोकलंही नाही.

सुनेने काकूंच्या पाठीवर थाप मारली. काकूंना त्या थापेचं काय करावं ते कळेना. त्या पुढचा आवाज द्यायच्या नादात होत्या.

घरी परतताना काका गाडीत मागे बसून खिडकीबाहेर बघत होते.

"अगं," शेवटी ते म्हणाले, "ते अडकण्याचं... ते परत करता येतं का? थोडंसंच. कुत्र्यापुरतं."

"येतं," काकू म्हणाल्या. "पण मी करणार नाही. अख्खा दिवस घालवलाय मी ते सरळ करायला. तुम्हाला हशा हवा असेल तर स्वतः मिळवा, माझ्या चुकीवर जगू नका."

काका पुन्हा बाहेर बघू लागले. जरा वेळाने पुटपुटले, "आपण कुत्रा... नाही, 'आपल्याकडे' जास्त बरं वाटतं. आपल्याकडे कुत्रा कधी आला?" आणि वेगवेगळ्या सुरांत ते वाक्य घोळवत राहिले.

पुढच्या सीटवर गाडी चालवणाऱ्या सुनेला काकू हळूच म्हणाल्या, "आज एक बघितलंस? सभागृहाने नवा लॅपटॉप ठेवलाय. मोठ्या पडद्याचा. त्यावर माझा 'गडगडाट' अर्धाच दिसतो. नुसतं 'गडग'."

"अक्षरं मोठी झाली, बटण तेवढंच राहिलं. पडद्याप्रमाणे ताणायला शिकवावं लागेल."

"अवघड असतं का?"

"चिडचिड होते खूप."

काकू सीटवर सावरून बसल्या. "बरं," त्या म्हणाल्या, "तू फक्त कुठे बघायचं ते सांग. हात लावू नकोस."